वैनगंगेच्या काठी परतलेला मोगली

दूरदर्शनवर १९९३ साली रविवारी सकाळी दिसू लागलेली ‘जंगल बुक’ ही मालिका जपानमध्ये तयार झाली होती, तिची कथा एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकातून घेतलेली होती, तिचे संवाद आणि शीर्षकगीत हिंदीत होते, आणि ज्या नदीच्या खोऱ्यात ती कथा घडते ती नदी भंडारा शहराच्या कडेने वाहणारी वैनगंगा होती. आज चाळिशीच्या आगेमागे असलेल्या पिढीच्या मनात परदेशी बालमालिकांबद्दल जी हुरहुर आढळते तिच्यात या मालिकेचे स्थान फार वरचे आहे आणि भंडारा जिल्हाही त्याला अपवाद नाही. मात्र मुंबई-पुण्याच्या मुलाला मालिकेचा लांडग्यांत वाढलेला बालनायक मोगली याचे अरण्य जितके दूरचे होते तितके ते साकोलीच्या किंवा पवनीच्या मुलाला दूरचे नव्हते, ही गोष्ट आठवणींच्या आजच्या उजळणीत सहसा येत नाही. परदेशातून आलेली म्हणून जी वस्तू जपली जाते ती वास्तविक आपल्याच नदीच्या वरच्या अंगाची आहे, आणि ती मराठीतून न येता हिंदीतून आली याला मुलांची आवडनिवड नव्हे तर प्रक्षेपणाची यंत्रणा कारणीभूत होती, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा या गावाजवळ सातपुड्याच्या पठारावर उगम पावते, मोठे अर्धवर्तुळ काढून बालाघाटमार्गे दक्षिणेला वळते, आणि महाराष्ट्रात शिरल्यावर तुमसर, मोहाडी, भंडारा व पवनी या तालुक्यांच्या अंगाने वाहत जाऊन शेवटी वर्धा नदीला मिळते. या संगमापासून पुढच्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. सिवनीच्या दक्षिणेकडील जंगलातून येणारी पेंच नदी कन्हानला मिळते आणि कन्हान भंडारा शहराच्या खालच्या अंगाला वैनगंगेत येऊन पडते. म्हणजे पेंचचे अरण्य आणि सिवनीचे पठार, जिथे मोगलीची कथा घडते असे मानले जाते, त्या दोहोंचे पाणी भंडारा जिल्ह्यातच एकत्र होते आणि पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात साठते. ज्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि ज्याने जिल्ह्यातील कितीतरी गावांचे जीवन उलटेपालटे केले, त्याच्या पाण्याचा हा उगम ध्यानात घेतला की मोगलीचा देश कोठेतरी सातासमुद्रापलीकडे नव्हता हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला आणि पत्रकार म्हणून त्यांनी लाहोर व अलाहाबाद येथे काम केले, परंतु ‘द जंगल बुक’ हे १८९४ सालचे पुस्तक आणि त्याचा १८९५ सालचा दुसरा भाग त्यांनी लिहिला तो अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहत असताना. सिवनीचे डोंगर त्यांनी स्वतः पाहिलेले नव्हते. त्या प्रदेशाचा तपशील त्यांना मुख्यतः रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या लेखनातून मिळाला. सातपुड्यातील छावणीजीवनावरचे स्टर्नडेल यांचे ‘सिओनी’ हे पुस्तक १८७७ साली प्रसिद्ध झाले होते. उसन्या माहितीवर उभारलेले असूनही किपलिंग यांचे भूगोलाचे भान पक्के आहे. शेरखान हा वाघ वैनगंगेच्या जवळ, लांडग्यांच्या गुहेपासून वीस मैलांवर राहतो असे ते पहिल्याच कथेत सांगतात, पुढे त्या वाघाचा शेवट वैनगंगेच्या एका कोरड्या घळीत म्हशींच्या कळपाखाली होतो, आणि रानकुत्र्यांच्या टोळीशी लांडग्यांची झुंज होते तीही याच नदीच्या पात्रात. ही रानकुत्री दख्खनहून आलेली आहेत असे पुस्तकात म्हटले आहे. रानकुत्रा, ज्याला मराठीत कोळसून असेही म्हणतात, हा प्राणी नागझिऱ्याच्या जंगलात आजही टोळ्यांनी फिरतो, त्यामुळे ज्या शत्रूचे वर्णन किपलिंग दुरून करतात तो भंडाऱ्याच्या जंगलालगतच्या गावांना नेहमीच्या ओळखीचा आहे. याच पुस्तकात एका कथेत जवळच्या गोंड टोळीच्या प्रमुखाला सल्ल्यासाठी बोलावले जाते. या मुलखात पूर्वापार राहणाऱ्या गोंडांना सबंध पुस्तकात अशी फारच थोडी जागा मिळावी, ही त्या लेखनाची मोठी उणीव आहे आणि ती लेखकाच्या साम्राज्यवादी दृष्टीतून आलेली आहे.

किपलिंग यांची कथा घडते तो सिवनीचा प्रदेश आणि भंडारा एकोणिसाव्या शतकात एकाच प्रशासनाखाली होते. नागपूरचे भोसले राज्य खालसा झाल्यानंतर १८६१ साली मध्य प्रांत हा प्रांत बनवण्यात आला, ज्यात हिंदी आणि मराठी भाषिक जिल्हे एकत्र होते. आजचा बालाघाट जिल्हा १८६७ पासून पुढच्या काही वर्षांत भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे भाग तोडून तयार झाला. म्हणजे वैनगंगेच्या मधल्या टप्प्याचा काही मुलूख आधी भंडाऱ्याचाच होता. भाषावार प्रांतरचनेत १९५६ साली विदर्भातील जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले, तेव्हा नदीवर राज्याची सीमा पडली; पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सीमा पडली तरी बोलींचा व्यवहार त्या रेषेपाशी थांबला नाही. धानाच्या या पट्ट्यात, ज्याला झाडीपट्टी म्हणतात, मराठीची झाडीबोली बोलली जाते, तिच्या शेजारी हिंदीला जवळची पोवारी आहे, गोंडी आहे, आणि तुमसरच्या तांदळाच्या बाजारात, चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींवर किंवा वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर हिंदी नित्य कानी पडते. दूरचित्रवाणीवरचा मोगली हिंदी बोलू लागला तेव्हा तो या जिल्ह्याच्या कानांना खटकला नाही, याचे मूळ इतके मागे जाते.

दूरचित्रवाणी येण्यापूर्वी जिल्ह्याच्या करमणुकीचे वेळापत्रक धानाच्या पिकाने ठरवलेले होते. आषाढ-श्रावणात रोवणी म्हणजे धानाच्या रोपांची लावणी होई, दिवाळीच्या सुमारास कापणी व चुरणे म्हणजे मळणी होई, आणि घरात धान आल्यानंतर मंडई भरे, दंडार उभी राहे, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होत व त्यांच्या जोडीने रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके होत. मंडई हा गावोगावी भरणारा मेळा, तर दंडार हा गाणी, नाच आणि सोंगे यांनी बांधलेला लोकनाट्याचा प्रकार होय. मुलांसाठी म्हणून या कार्यक्रमांत वेगळे काही नसे. ती मोठ्यांच्या मांडीवर किंवा रंगमंचाच्या अगदी पुढे बसून जे असेल ते पाहत आणि पहाटेपर्यंत झोपीही जात.

केवळ मुलांसाठी असलेला मजकूर छापील रूपात येत होता, आणि तो मराठीत येत होता, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवे. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत होता. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले. ली फॉक यांचा अमेरिकी नायक फँटम इंद्रजाल कॉमिक्समधून ‘वेताळ’ या नावाने मराठी बोलत होता. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या होत्या. आणि मॉस्कोहून छापून येणारी गुळगुळीत कागदाची सोव्हिएत बालपुस्तके मराठी अनुवादात स्वस्तात मिळत होती. परदेशी कथेला मराठी पेहराव देण्याची ही परंपरा समृद्ध होती आणि तिच्यात भाषेचा कस लागत होता. दूरचित्रवाणीने परदेशी कथांचा ओघ कैकपटींनी वाढवला, परंतु हा पेहराव मात्र सोडून दिला.

भारतात प्रायोगिक दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. उपग्रहाद्वारे खेड्यांना शिक्षण देण्याचा ‘साइट’ हा प्रयोग १९७५-७६ या एका वर्षात सहा राज्यांतील २४०० गावांत झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगढ भागातील गावांना, जी तेव्हा मध्य प्रदेशात होती, सामुदायिक संच मिळाले, पण राज्याच्या सीमेअलीकडच्या गावांना वाट पाहावी लागली. मुलांसाठी काय दाखवावे याचा विचार त्या काळात झालाच नाही असे नाही. विजया मुळे यांच्यासारख्या मराठी विदुषीने शैक्षणिक दूरचित्रवाणीचा पाया घातला आणि १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट केला, जो पुढे वर्षानुवर्षे दूरदर्शनवर दाखवला गेला. मात्र ॲनिमेशन, म्हणजे एकेक चित्र काढून त्यांच्या मालिकेतून हालचालीचा भास निर्माण करण्याची कला, अतिशय खर्चिक आणि मनुष्यबळ खाणारी आहे, आणि आठवड्याला एक भाग सलग वर्षभर पुरवू शकेल असा कारखाना तेव्हा देशात नव्हता.

चित्र पालटले ते १९८२ नंतर. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस इन्सॅट-१बी हा उपग्रह सोडण्यात आला, आणि १९८४ साली काही महिने तर देशात जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. यातले बहुसंख्य प्रक्षेपक कमी शक्तीचे, म्हणजे १०० वॉटचे होते. असा प्रक्षेपक स्वतः कार्यक्रम बनवत नाही. उपग्रहावरून जे येईल ते पकडतो आणि आपल्याभोवतीच्या १५ ते २५ किलोमीटरच्या परिघात पुन्हा फेकतो. उपग्रहावरून प्रामुख्याने दिल्लीचा हिंदी-इंग्रजी कार्यक्रम येत असे. मुंबई केंद्रावरील ‘किलबिल’सारख्या मराठी बालकार्यक्रमाच्या मागे दिल्लीइतके विस्तृत जाळे नव्हते आणि प्रादेशिक भाषेला दिवसातले थोडकेच तास मिळत. मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी, जी पुढे ‘सह्याद्री’ झाली, १९९४ साली आली, तोवर मोगली भंडाऱ्यात पोहोचून गेला होता.

प्रक्षेपकापासून लांब असलेल्या गावांत चित्र मिळवणे हेच एक काम होते. घराच्या धाब्यावर किंवा कौलांच्या वर लोखंडी नळी उभी करून तिच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांचा अँटेना बसवत आणि दुबळा संकेत वाढवण्यासाठी ‘बूस्टर’ नावाची छोटी पेटी जोडत; वाऱ्याने किंवा माकडांनी अँटेना फिरला की एकाने वर चढायचे, दुसऱ्याने खिडकीत उभे राहायचे आणि तिसऱ्याने पडद्याकडे पाहून चित्र आले की गेले ते ओरडून सांगायचे, अशी साखळी लागे. संच बहुधा कृष्णधवल असे, लाकडी पेटीतला आणि पुढे सरकती दारे असलेला, आणि तो सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या मोकळ्या पडवीत, आणून ठेवला की शेजारपाजारची मुले जमिनीवर बसत. ‘रामायण’ (१९८७-८८) आणि ‘महाभारत’ (१९८८-९०) या मालिकांनी रविवारची सकाळ दूरदर्शनसाठी राखून ठेवण्याची सवय आधीच लावली होती. ज्या जिल्ह्यात करमणूक हंगामाप्रमाणे येत असे तिथे ती आता आठवड्याच्या ठरलेल्या वाराला आणि घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्याला येऊ लागली, रोवणी असो की कापणी. झाडीपट्टीच्या सांस्कृतिक इतिहासात हा बदल फार मोठा आहे, आणि तो पहिल्यांदा मुलांनी आत्मसात केला.

‘जंगल बुक शोनेन मोगुरी’, म्हणजे ‘जंगल बुक : बालक मोगली’, ही मालिका टोकियोच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने बनवली, फुमिओ कुरोकावा यांनी तिचे दिग्दर्शन केले आणि ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात तिचे ५२ भाग जपानमध्ये दाखवले गेले. युरोप-अमेरिकेतील अभिजात बालसाहित्य घेऊन त्यावर वर्षभराची मालिका करण्याची या संस्थेची रीत होती, त्यामुळे वैनगंगेची कथा जपानला भारतातून नव्हे तर इंग्रजी पुस्तकातून गेली. जपानी चित्रकारांनी तिच्यात किची नावाचा एक लाल पांडा घातला, जो प्राणी पूर्व हिमालयात आढळतो आणि सातपुड्यात कधीच नव्हता. भंडाऱ्याच्या मुलाला जंगलात सांबर, नीलगाय, अस्वल, बिबट्या हे ठाऊक होते; किची कोणता प्राणी आहे हे मात्र त्याला घरातले कोणी सांगू शकत नसे, आणि मोगलीचे अरण्य परके वाटण्यास असे तपशीलही थोडेफार कारण झाले असावेत.

ही मालिका दुसऱ्या भाषेत नेणे सोपे जाण्यास तिच्या निर्मितीचे तंत्र उपयोगी पडले. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. पूर्ण ॲनिमेशनमध्ये जवळजवळ प्रत्येक एक-दोन चौकटींना नवे चित्र काढतात, तर ओसामु तेझुका यांच्या १९६३ सालच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या मालिकेपासून जपानी दूरचित्रवाणीने एकच चित्र तीन चौकटींपर्यंत टिकवून सेकंदाला सुमारे ८ चित्रांत काम भागवण्याची काटकसरीची पद्धत रुळवली, जिला मर्यादित ॲनिमेशन म्हणतात. या पद्धतीत बोलणाऱ्या पात्राचे तोंड बंद, अर्धवट उघडे आणि पूर्ण उघडे एवढ्या थोड्या आकारांत हलते. जिवंत नटाच्या ओठांशी परभाषेतला शब्द जुळवणे अवघड असते, पण अशा तोंडाशी कोणत्याही भाषेतले वाक्य जुळते, फक्त ते तोंड हलू लागल्यावर सुरू व्हावे आणि थांबले की संपावे एवढी अट असते.

डबिंग म्हणजे मूळ संवाद काढून त्यांच्या जागी दुसऱ्या भाषेतील संवाद ध्वनिमुद्रित करणे. त्यासाठी मूळ निर्माते संवादाविना केवळ पार्श्वसंगीत आणि आवाज असलेली वेगळी ध्वनिपट्टी पुरवतात. अनुवादक आधी वाक्याचा अर्थ आणतो, मग त्याची लांबी पात्राच्या तोंडाच्या हालचालीइतकी होईपर्यंत ते वाक्य घासतो, आणि नट पडद्यावरचे दृश्य पुन्हा पुन्हा पाहत, कानात मूळ आवाज ऐकत, चिमूटभर अवधीत भाव आणि वेळ दोन्ही साधतो. या कामात लेखकाची, नटाची आणि तालवाद्य वाजवणाऱ्याची अशी तिन्ही कौशल्ये लागतात, आणि तरीही त्याची गणना कोणत्याच कलेत होत नव्हती. मुलांनी ज्यांचे आवाज आयुष्यभर कानात साठवले त्यांतल्या बहुतेकांची नावे पडद्यावर ठळकपणे आली नाहीत, हा अन्यायच आहे.

हिंदी आवृत्तीत मूळ जपानी शीर्षकगीताऐवजी नवे गीत करण्यात आले. ते गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीतबद्ध केले, जे तेव्हा ‘माचिस’ (१९९६) या चित्रपटाने मिळालेल्या कीर्तीपासून काही वर्षे दूर होते. ‘ॲलिस इन वंडरलँड’ या दुसऱ्या जपानी मालिकेच्या हिंदी आवृत्तीचे गीतही याच जोडीचे आहे. मोठ्या कवीने बालगीत खालच्या पायरीवरचे न मानता त्यात आपली सगळी कल्पकता ओतली, म्हणून ते टिकले. शेरखानला आवाज दिला तो नाना पाटेकर यांनी. मूळचे मुरुड-जंजिऱ्याचे, जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकातील भूमिकेने मराठी रंगभूमीवर गाजलेले हे नट हिंदी बोलत होते खरे, पण त्यांच्या शब्दफेकीतील तुटकपणा आणि दबा धरलेला राग मराठी रंगभूमीच्या मातीतला होता. वैनगंगेच्या वाघाला अखेर एका मराठी माणसाचा गळा मिळाला, एवढे तरी मराठीच्या वाट्याला आले.

याच सुमारास डिस्ने कंपनीच्या ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ या अमेरिकी मालिका हिंदीत येऊ लागल्या. ‘टेलस्पिन’मध्ये बल्लू अस्वल मालवाहू विमानाचा वैमानिक आहे आणि शेरखान कोट घातलेला बडा उद्योगपती, म्हणजे वैनगंगेकाठची तीच पात्रे भंडाऱ्याच्या मुलांसमोर दोन वेगवेगळ्या देशांनी बनवलेल्या दोन रूपांत आली. त्याआधीच्या दशकात ‘ही-मॅन’ किंवा ‘स्पायडरमॅन’ या मालिका इंग्रजीतच दाखवल्या जात, त्या मुले चित्रांच्या आधाराने पाहत आणि संवाद सोडून देत. हिंदी डबिंगने पहिल्यांदा त्यांना विनोद समजला, पात्रांचे स्वभाव समजले आणि संवाद पाठ होऊ लागले. भारत आणि जपान यांच्या सहकार्याने युगो साको व राम मोहन यांनी केलेला रामायणावरचा ॲनिमेशनपटही याच वर्षांतला. तोही हिंदीत आला.

मराठीत हे का झाले नाही, याचे उत्तर अर्थकारणात आहे. दूरदर्शनवरचे कार्यक्रम १९८० च्या दशकात जाहिरातदारांच्या प्रायोजकत्वावर चालू लागले होते, प्रायोजकाला एकाच खर्चात सर्वाधिक घरे हवी होती, आणि ती राष्ट्रीय जाळ्यावरच्या हिंदीतून मिळत होती. डबिंगचा खर्च मूळ निर्मितीच्या मानाने अल्प असला तरी प्रत्येक भाषेसाठी तो पुन्हा करावा लागतो. विदर्भातले मूल हिंदी समजून घेते हे तर सर्वांनाच ठाऊक होते. ज्या प्रेक्षकाला दुसरी भाषा कळते त्याला त्याची स्वतःची भाषा देण्याची गरज कोणाला वाटत नाही. भंडाऱ्याच्या मुलांचे द्विभाषिकत्व, जी त्यांची मोठी शिदोरी होती, तीच अशी त्यांच्या मराठीच्या आड आली. झाडीबोलीचा तर विचारही संभवत नव्हता. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारखे अभ्यासक ही बोली अशुद्ध मराठी नसून स्वतंत्र घडण असलेली बोली आहे हे त्याच काळात चिकाटीने मांडत होते, शाळेत मात्र मुलांना प्रमाण मराठी आणि घरच्या पडद्यावर हिंदी मिळत होती.

यातून हिंदीचा दुस्वास करण्याचे कारण नाही. ज्या मुलांनी मोगली हिंदीतून पाहिला त्यांच्या मनात ती भाषा आनंदाशी जोडली गेली, आणि त्या आनंदाला कमी लेखणे इतिहासाला धरून होणार नाही. अरबी भाषक देशांतही याच जपानी मालिकेचे अरबी रूप एका पिढीचे बालपण व्यापून आहे. खेद आहे तो एवढाच, की बंगळूर, लखनौ किंवा कैरो येथील मुलाइतकेच वैनगंगेकाठचे मूलही या कथेला पाहुणे राहिले.

केबलने हा प्रश्न आणखी पुढे नेला. कार्टून नेटवर्क १९९५ साली भारतात आले, २००४ साली पोगो व हंगामा या वाहिन्या सुरू झाल्या, आणि डोरेमॉन, शिनचॅन ही जपानी पात्रे दिवसभर हिंदी बोलू लागली. आठवड्याची प्रतीक्षा संपली आणि तिच्याबरोबर सपरीत एकत्र जमणेही. मुलांवर भाषेचा परिणाम किती होतो याची चिंता इतरत्र राज्यकर्त्यांपर्यंत गेली. बांगलादेशाने २०१३ साली हिंदीतील डोरेमॉनचे प्रक्षेपण बंद केले, कारण तिथली मुले हिंदी बोलू लागली होती. भंडाऱ्यात अशी तक्रार उठली नाही, कारण हिंदी इथे बाहेरून आलेली भाषा कधी नव्हतीच.

दरम्यान खरे अरण्य पडद्याबाहेर आपल्या गतीने चाललेले होते. नवेगावबांध आणि नागझिरा, जी १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होती, तिथे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी पक्षी, प्राणी आणि त्यांची आदिवासी नावे मराठीत आणली; व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून त्याच नावाचे पुस्तक लिहिले. किपलिंग यांनी न पाहता लिहिले आणि या दोघांनी पायी हिंडून लिहिले. तरीही जिल्ह्यातल्या घराघरांत पोहोचला तो किपलिंग यांचाच मोगली. २०१३ साली नागझिऱ्यातून निघालेला ‘जय’ नावाचा वाघ शेते, रस्ते आणि नदी ओलांडत उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्यात जाऊन स्थिरावला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. त्याला हे नाव मिळाले ते ‘शोले’ या हिंदी चित्रपटातील पात्रावरून.

डिस्नेचा ‘जंगल बुक’ चित्रपट २०१६ साली आला तेव्हा त्याच्या हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकर यांचाच घेण्यात आला आणि जुन्या शीर्षकगीताला नवे रूप देण्यात आले. प्रौढ झालेल्या प्रेक्षकांच्या आठवणीला व्यापारमूल्य आहे हे यातून उघड झाले. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने जपानी मालिका पुन्हा दाखवली आणि एकेकाळच्या मुलांनी ती आपल्या मुलांसोबत पाहिली. मध्य प्रदेश शासन पेंचमध्ये शाळकरी मुलांसाठी मोगली बाल उत्सव भरवते, ज्यात मुलांना जंगल दाखवले जाते आणि निसर्गाची माहिती दिली जाते. नदीच्या वरच्या अंगाने मोगलीला आपला म्हटले आहे; खालच्या अंगाचा, भंडाऱ्याचा, त्याच्यावर तितकाच हक्क आहे.

जपानी मालिकेचे हक्क टोकियोतील संस्थेकडे आहेत आणि तिला मराठी आवाज द्यायचा तर करार करावा लागेल. पुस्तकाची गोष्ट तशी नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकावरील हक्क संपतो, आणि किपलिंग १९३६ साली वारले. त्यामुळे शेरखान, काळा बिबट्या बघीरा आणि लांडग्यांची सभा झाडीबोलीत आणण्यास, ती दंडारीत किंवा मंडईच्या रात्री नाटकात उभी करण्यास, लाखांदूरच्या किंवा लाखनीच्या कोणत्याही मंडळीला आज कोणाचीही परवानगी लागत नाही.